मांजर निजली आहे

एका राज्यात जखम झाली की ती जन्माची सोबत होई. लहानपणी फुटलेला गुडघा मोठेपणीही फुटलेलाच राही. म्हणून तिथली माणसं जपून चालत. सुऱ्या बोथट ठेवत, बाभळी मुळासकट काढत, पोरांना झाडावर चढू देत नसत. पाहुणा आला की आधी त्याच्या पायाखालची वाट बघत आणि मग त्याचं तोंड बघत.

पूर्वी असं नव्हतं. राजा मणिकेतूनं डोंगरापलीकडच्या धूम्रनाथ मांत्रिकाला लढाईत जिंकलं आणि त्याची सोन्याची पेटी आपल्या भांडारात आणली. पेटी उघडताना झाकणाची धार राजाच्या उजव्या तळहाताला लागली. बेड्यांत उभा असलेला धूम्रनाथ सोन्याकडे बघून काहीतरी पुटपुटला. मग मोठ्यानं म्हणाला, "महाराज, या सोन्याचा पातळ वर्ख जखमेवर ठेवा. दुखणं त्याच क्षणी थांबेल."

राजानं तसं केलं आणि दुखणं थांबलं. धूम्रनाथाचा धूर झाला. रिकाम्या बेड्या खळकन खाली पडल्या.

पण राजाची जखम काही भरेना. आपण शापाचं धन आणलं, हे राजाला कळलं. पण शाप देणाऱ्यानं जाता जाता उतारा तरी दिला, असं त्याला वाटलं. राजा दयाळू होता. त्यानं दवंडी पिटवली: ज्याला जखम, त्याला राजाचा वर्ख. मग शाप साऱ्या राज्याला लागला; कुणाचीच जखम भरेना. तेव्हापासून तान्ह्या पोराला ओरखडा उठला तरी आई धावत येऊन त्यावर वर्ख ठेवी. वर्ख होता तोवर दुखत नसे. वर्ख निघाला की जखमेत निखारा पेटे. जनावरांना मात्र वर्ख नव्हता. दुखावलेलं जनावर लोक गावाच्या शिवेवर नेऊन ठेवत आणि मागे न बघता परत येत. न भरणारी जखम बघवत नाही, म्हणत.

हे वर्ख कुटायचा तो लिंबाजी. कातड्याच्या घड्यांत सोन्याचा कण ठेवायचा आणि उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत त्यावर हातोडी चालवायची. हातोडीचा तो ठोका साऱ्या गावाला ऐकू जाई, आणि ऐकून गावाला धीर येई.

लिंबाजीला बायको नव्हती. एक मुलगी होती, बकुळा. लहान असताना अंगणात तिच्या पायात खापरी घुसली होती. आता ती लग्नाची झाली होती, पण पाय तसाच होता; टेकला की वर्ख फाटे, म्हणून ती चालत नसे. लिंबाजी रोजचा सगळ्यात पातळ, सगळ्यात देखणा वर्ख तिच्या पायासाठी बाजूला काढी. पोरगी एकदा अंगण ओलांडून चाललेली बघावी आणि मग डोळे मिटावे, एवढंच त्याचं मागणं होतं.

एके सकाळी भांडाराचं लोखंडी दार लावताना त्यात एक मांजर सापडली. राखेच्या रंगाची, हडकुळी. खिडकीतल्या साळुंकीच्या मागे लागून ती आत शिरली होती. मागच्या मांडीवर कातडं फाटून लोंबत होतं. पहारेकऱ्यांनी तिला टोपलीत घातलं आणि ते शिवेकडे निघाले. वाट लिंबाजीच्या दारावरून होती.

बकुळा उंबऱ्यापाशी बसली होती. म्हणाली, "टोपली खाली ठेवा."

"अगं, ही भरायची नाही," पहारेकरी म्हणाला.

"माझी तरी कुठं भरलीय? मग मलाही शिवेवर नेता?"

पहारेकऱ्यानं टोपली ठेवली.

मांजर टोपलीतून उडी मारून घरात शिरली आणि सरपणाच्या ढिगामागं जाऊन बसली. लिंबाजीनं हात घातला, तर फिसकारून तिनं बोट ओरबाडलं.

"आबा, सोडा तिला," बकुळा म्हणाली. "मला उचलायला येतात, तेव्हा मीही अशीच फिसकारते."

ती जमिनीवर आडवी झाली, आपली जुनी मऊ चोळी सरपणापाशी पसरली आणि हात उलटा टाकून पडून राहिली. बोलली नाही, बोलावलं नाही. ऊन अंगणातून ओट्यावर आलं, ओट्यावरून निघून गेलं. मग मांजर आपणहून आली, चोळी हुंगली, बकुळेच्या बोटांवर हनुवटी टेकली.

तिचं नाव पडलं राखुंडी.

लिंबाजीनं आपल्या बोटावर वर्ख लावला आणि उरलेला राखुंडीच्या मांडीवर लावला. तिनं तो चाटून टाकला. त्यानं दुसरा लावला. तिनं तोही चाटला.

"खुळी आहे," लिंबाजी म्हणाला. "राजाचं सोनं खातेय."

तेवढ्यात आढ्यावरून कुणीतरी म्हणालं, "खुळी ती नव्हे."

भांडारातली साळुंकी तिथं बसली होती.

"तू बोलतेस?" लिंबाजीनं विचारलं.

"सगळं बोलते. एक गोष्ट तेवढी बोलता येत नाही. धूम्रनाथ सोन्यापाशी काय पुटपुटला ते मी ऐकलं, म्हणून धूर होता होता त्यानं माझ्या जिभेला तीन गाठी मारल्या. म्हणाला, तुझ्या वैऱ्याची जो सेवा करील, त्याच्या हातून या सुटतील. हसून म्हणाला. साळुंकीचा वैरी मांजर. मांजरीची सेवा कोण करणार?"

"काय करावं लागेल?"

"जखम धुवायला वाघाच्या टाक्यातलं पाणी. पोटाला अन्न. आणि झोप."

"एवढंच?"

"करून बघ," साळुंकी म्हणाली. "ती बरी व्हावी म्हणून मीच सांगतेय, हे माझ्या आईनं ऐकलं असतं तर मला घरट्यातून ढकलली असती."

लिंबाजी घागर घेऊन रानात गेला. टाक्याच्या काठावर दगडी वाघ बसला होता. तो प्रत्येकाला एकच गोष्ट विचारी. उत्तर मनाला आलं नाही तर पंजा ठेवी, आणि पंजा दगडाचा होता.

"पाणी कुणासाठी?" वाघानं विचारलं.

राजासाठी म्हणावं, असं त्याच्या ओठांवर आलं. पण खोटं बोलायची सवय नव्हती.

"मांजरीसाठी," तो म्हणाला.

वाघानं मान वळवून त्याच्याकडे बघितलं. मग म्हणाला, "राजांसाठी आले, सेनापतींसाठी आले, स्वतःसाठी तर पुष्कळ आले. मावशीसाठी आजवर कुणी आलं नव्हतं. काय झालंय तिला?"

"मांडी फाटलीय."

"भरून ने. सांडू नकोस. आणि मी विचारलं म्हणून सांग."

बकुळेनं पाणी कोमट केलं, कापसाच्या बोळ्यानं थेंब थेंब सोडलं, लोंबतं कातडं जागेवर बसवलं. राखुंडी गुरगुरली, पण चावली नाही. साळुंकीची पहिली गाठ सुटली. तिनं चोच उघडली आणि म्हणाली, "सोनं..." पुढं जीभ अडली.

आता खाणं. लिंबाजीनं दूध ठेवलं, साय ठेवली, शेजारणीकडून सुकी मासळी मागून आणली. राखुंडीनं तोंड फिरवलं. डोळे खोल गेले, अंगाचे केस उभे राहिले.

"पोरगी जेवते का?" साळुंकीनं विचारलं.

लिंबाजीनं कोपऱ्यातल्या भरल्या ताटाकडे बघितलं. बकुळेचं ताट रोज तसंच परत येई.

"एक दुखणाईत उपाशी पडलं असताना दुसऱ्यानं काय म्हणून खावं?"

"मला भूक नसते गं," बकुळा म्हणाली.

"तिलाही नाही. बसा दोघी."

बकुळेनं राखुंडीकडे बघितलं. मग दहीभाताचा घास घेतला आणि कसाबसा गिळला. दुसरा घेतला. तिसऱ्याला मीठ मागितलं. लिंबाजी मीठ आणायला उठला तो डोळे पुसत पुसतच गेला. परत आला तेव्हा राखुंडी ताटाशी बसून भात चाटत होती आणि बकुळा तिला म्हणत होती, "ए, माझ्या वाटणीचं ठेव!"

दुसरी गाठ सुटली. "सोनं दुखणं झाकतं..." साळुंकी म्हणाली, आणि पुन्हा अडली.

उरली झोप. ती मात्र सगळ्यांत अवघड होती. राखुंडी चुलीशेजारच्या कोमट राखेत अंग मुडपून पडे, डोळे मिटी, आणि हातोडीचा ठोका पडला की दचकून उठे. उठली की मांडी ताणली जाई आणि जखम पुन्हा उकले.

लिंबाजी हातोडी हातात धरून बसला. हातोडी थांबवणं म्हणजे राजाची आज्ञा मोडणं, आणि त्याची शिक्षा राज्याबाहेर. शिवाय वर्ख नसला की गावाच्या जखमा पेटतील. पोरीचा पायही.

"बकुळे," तो म्हणाला, "काय करू?"

"ती झोपेपर्यंत थांबवा, आबा."

"तुझा पाय?"

"तिनं चाटून टाकला वर्ख, तिला दुखतच असेल की. ती सोसते. मी तिच्याहून मोठी आहे."

लिंबाजीनं हातोडी उचलून धान्याच्या रांजणात ठेवली आणि वर झाकण घातलं.

गाव शांत झाला. इतका शांत की लोकांनी घराबाहेर येऊन आभाळाकडे बघितलं. मग भालदार आले, घरातला होता नव्हता तो वर्ख घेऊन गेले. बकुळेनं आपल्या पायावरचाही काढून दिला. "वाड्यावर लहान पोरं आहेत, त्यांना द्या," म्हणाली.

मग निखारा पेटला. ती उशीत तोंड खुपसून रडली, आणि लिंबाजी दोनदा रांजणापर्यंत जाऊन परत आला. राखुंडी राखेतून उठली, तीन पायांवर लंगडत आली आणि त्या दुखऱ्या पायाला पाठ लावून पडली. तिच्या पोटातून घर्र घर्र आवाज येऊ लागला. तो आवाज पायातून हाडात गेला. दुखणं होतं तिथंच होतं, पण त्याला आता सोबत होती. दोघी झोपल्या. ऊठ खा, ऊठ धू, पुन्हा झोप, असे दिवस गेले, आणि लिंबाजी दारात बसून दोघींवरच्या माश्या वारत राहिला.

एका दुपारी त्यानं राखुंडीच्या मांडीकडे बघितलं आणि तो दचकून उठला. जखमेवर काळं, टणक साल आलं होतं. बकुळेच्या पायावरही तसंच. शाप लागल्यापासून त्या राज्यात असलं काही कुणी बघितलं नव्हतं, आणि त्याआधीचं कुणाला आठवत नव्हतं. नवा रोग आला असं समजून त्यानं चाकू घेतला. पोरीची जखम खरवडून साफ करायची, म्हणून तो वाकला.

त्याच क्षणी दाराबाहेर घोडा थांबला. राजा मणिकेतू आत आला. त्याच्या तळहातावर वर्ख होता, पण जुना, फाटका. कपाळावर घाम होता.

"लिंबाजी!" राजा गरजला. "हातोडी का थांबली?"

लिंबाजीनं हात जोडले. "महाराज, मांजर निजली आहे."

"काय?"

"हळू बोला, महाराज," बकुळा कुजबुजली. "आत्ताच डोळा लागलाय."

राजाचा हात तलवारीकडे गेला. पण तळहात तलवार धरण्याजोगा नव्हता. त्यानं खाली बघितलं. राखेच्या रंगाची हडकुळी मांजर पाय वर करून, पोट उघडं टाकून झोपली होती. राजानं किती वर्षांत असं निर्धास्त निजलेलं कुणी बघितलं नव्हतं. तो उभा होता तिथंच मांडी घालून बसला. आणि अगदी हळू म्हणाला, "किती वेळ निजेल?"

राजानं मांजरीसाठी आवाज खाली आणला आणि तिसरी गाठ सुटली. साळुंकी आढ्यावरून ओरडली, पण जपून ओरडली:

"सोनं दुखणं झाकतं आणि जखम जागी ठेवतं! हेच तो पुटपुटला होता. लिंबाजी, चाकू टाक. ती खपली आहे. खपली म्हणजे जखमेचं दार. आतलं काम झालं की आपणहून उघडतं."

चाकू लिंबाजीच्या हातातून पडला. त्यानं हातांकडे बघितलं. याच हातांनी रोजचा सगळ्यात देखणा वर्ख.

"आबा," बकुळा म्हणाली, "तुम्ही मायेनंच लावत होता. मला ठाऊक आहे." आणि मग एकदम म्हणाली, "आई गं, केवढी खाज सुटलीय!" आणि हसायला लागली.

राजानं तळहातावरचा वर्ख सोलून काढला. दुखण्यानं त्याचे दात वाजले. "मला इथंच राहू दे," तो म्हणाला. "सोबत लागेल."

राजा लिंबाजीच्या घरात दहीभात खाऊन राहिला. राखुंडी त्याच्या मांडीवर बसे आणि तो पाय अवघडला तरी हलत नसे. "पिवळं काही लावल्याशिवाय चैन पडत नसेल, तर हळद लावा," साळुंकी म्हणाली. त्यांनी हळद लावली.

एके सकाळी राखुंडीची खपली गळून पडली. खाली गुलाबी, नवी कातडी होती. तिनं अंग ताणलं, चारी पायांवर उभी राहिली आणि एका झेपेत आढ्यावर गेली. साळुंकी किंचाळून उडाली. "बरी झाली!" ती आभाळातून ओरडली. "मेली बरी झाली!"

पाठोपाठ बकुळेची खपली पडली. ती उठली. भिंत धरली. मग भिंत सोडली. अंगण ओलांडून तुळशीपर्यंत गेली आणि परत आली. लिंबाजी उंबऱ्यात बसून राहिला.

राजानं दवंडी पिटवली. साऱ्या राज्यानं अंगावरचे वर्ख उतरवले, एकमेकांचे हात धरून सोसलं. खपल्या धरल्या तेव्हा वाजतगाजत मिरवणूक निघाली. पुढे सोन्याची पेटी, मागे लंगडत नाचणारी माणसं. राजानं पेटी बऱ्या झालेल्या हातानं उचलून वाघाच्या टाक्यात टाकली. पाणी उकळलं. तळातून धुराचा लोट उठला, त्यात धूम्रनाथाचं तोंड दिसलं, आणि वाऱ्यानं ते डोंगरापलीकडे उडवून नेलं. ते परत कधी दिसलं नाही.

"मावशी कशी आहे?" दगडी वाघानं विचारलं.

"झाडावर आहे," लिंबाजी म्हणाला.

पोरंही आता झाडावर होती. पडत होती, रडत होती, पुन्हा चढत होती. दुखावलेलं जनावर कुणी शिवेवर नेत नव्हतं, टोपली आपल्याच घरी उतरवत होतं. राजा दोन्ही हातांनी राज्य करू लागला. लिंबाजीची हातोडी रांजणातून बाहेर आली. तो आता ओट्यावर बसून गावासाठी हळद कुटतो. ठोका तोच, आणि तो ऐकून गावाला अजून धीर येतो.

मधूनच ठोका थांबतो. तेव्हा रस्त्यानं जाणारा गाडीवान बैलांच्या घुंगरांवर हात ठेवतो, भांडणारे बोलणं खाली आणतात, राजाची स्वारी असली तर राजाही घोड्यावरून उतरून पायी जातो. काय झालं, असं कुणी विचारत नाही. मांजर निजली आहे, हे साऱ्या राज्याला ठाऊक असतं.

त्यांचं दुखणं सरलं, तसं तुमचं आमचं सरो. आणि भरत आलेल्या खपलीला कुणाचं नख न लागो.