चुणीच्या मापाची झडप

एक होती बुलबुल. तिचं नाव चुणी. डोक्यावर काळा तुरा, शेपटीखाली लाल ठिपका. अंग एवढंसं, पण अक्कल केवढी!

बालवाडीच्या भिंतीवर होतं घड्याळ. घड्याळावर होतं घरटं. घरट्यात होती पिल्लं दोन. बालवाडीला लागली सुट्टी. दाराला कुलूप, खिडकीला कडी. मग चुणी आत जायची कशी? खिडकीच्या वर, घड्याळाला लागूनच होती झडप. लाकडाची, छोटीशी, वारा येण्यासाठी. झडपेतून भुर्र आत, झडपेतून भुर्र बाहेर!

एकदा काय झालं? चुणी गेली करवंद आणायला. इकडे आला वारा दांडगोबा. सूं सूं सूं! झडप पडली, खटाक! बिजागरी मोडली, कट्ट! झडप गच्च रुतून बसली.

चुणी परत आली. चोचीत करवंद. बघते तर झडप बंद! चोच मारली, टक टक. पाय मारले, खर खर. झडप काही हलेना. आतून पिल्लं ओरडली, "चीं चीं! आई, भूक! आई, भूक!"

चुणीला रडूच आलं. पण रडत बसेल ती चुणी कसली? तिनं करवंद उचललं, नि उडाली भुर्र भुर्र.

गेली रंगनाथ सुतारांकडे. रंगनाथदादा पाळणा करत होते. रंधा चालला होता, सर्र सर्र. चुणीनं करवंद ठेवलं खाली, नि म्हणाली,

"दादा, दादा, झडप बसवा ना!
झडप उघडेल, मी आत जाईन.
पिल्लांना करवंद भरवीन!"

दादा म्हणाले, "बसवतो की. पण बिजागरी कुठाय? बिजागरी नाही तर झडप फिरणार कशी? जा गोदामामीकडं. बिजागरी आण, मग बघू."

चुणीनं करवंद उचललं, नि उडाली भुर्र भुर्र.

गेली गोदामामींच्या भट्टीवर. गोदामामी म्हणजे गावच्या लोहारीण. हातात हातोडा, कपाळाला घाम. चुणीनं करवंद ठेवलं खाली, नि म्हणाली,

"मामी, मामी, बिजागरी द्या ना!
बिजागरी मिळेल, दादा झडप बसवतील.
झडप उघडेल, मी आत जाईन.
पिल्लांना करवंद भरवीन!"

मामी म्हणाल्या, "कशी देऊ बाई? माझा भाता फाटलाय. भाता फुंकेना, विस्तव पेटेना. जा तान्हीकाकूकडं. तिला म्हण, भाता शिव. मग बघू."

चुणीनं करवंद उचललं, नि उडाली भुर्र भुर्र.

गेली तान्हीकाकूंच्या ओट्यावर. तान्हीकाकू गोणी शिवायच्या, पिशव्या शिवायच्या, फाटकं काही दिसलं की शिवायच्या. हातात ही मोठी सुई! चुणीनं करवंद ठेवलं खाली, नि म्हणाली,

"काकू, काकू, भाता शिवा ना!
भाता फुंकेल, मामी बिजागरी देतील.
बिजागरी मिळेल, दादा झडप बसवतील.
झडप उघडेल, मी आत जाईन.
पिल्लांना करवंद भरवीन!"

काकू म्हणाल्या, "शिवते की गं. पण सुतळीचा गुंडा कुठाय? त्या मेल्या बोक्यानं पळवला! जा, त्याच्याकडून गुंडा आण. मग बघू."

बाप रे! बोका! चुणीचं काळीज धडधडलं. धड धड, धड धड. जावं की न जावं? पण पिल्लं भुकेली होती. चुणीनं करवंद उचललं, नि उडाली भुर्र भुर्र.

बोका बसला होता भिंतीवर. पोट हे एवढं! मिशा या एवढ्या! पंजानं गुंडा घोळवत होता. चुणी बसली दूर, उंच फांदीवर. करवंद धरलं पायात, नि म्हणाली,

"बोकोबा, बोकोबा, गुंडा द्या ना!
गुंडा मिळेल, काकू भाता शिवतील.
भाता फुंकेल, मामी बिजागरी देतील.
बिजागरी मिळेल, दादा झडप बसवतील.
झडप उघडेल, मी आत जाईन.
पिल्लांना करवंद भरवीन!"

पिल्लं? बोक्याचे कान ताठ झाले. बोक्याच्या तोंडाला सुटलं पाणी. गोड गोड आवाजात तो म्हणाला, "देतो हं गुंडा! पण झडप माझ्यासाठीपण उघडी ठेवशील? मला बाळं बघायचीत. म्यांव!"

लबाड कुठला! चुणीनं मान वाकडी केली. एक डोळा मिटला. मग म्हणाली, "ठेवीन की! झडप उघडी ठेवीन."

बोक्यानं दिला गुंडा. घरंगळ घरंगळ!
काकूंनी शिवला भाता. टुचुक टुचुक!
भाता लागला फुंकू. फूस फूस!
मामींनी केली बिजागरी. ठण ठण!
दादांनी केली नवी झडप. सर्र सर्र, ठोक ठोक!

मग निघाली वरात बालवाडीकडे. पुढे दादा, खांद्यावर शिडी. मागे मामी, मागे काकू. सगळ्यांत मागे बोका, जिभल्या चाटत.

आता दादांची एक खोड होती. ते टेपनं मापायचे नाहीत. ज्याला जायचं, त्याच्याच अंगाला दोरी लावायचे. मागच्या वेळी त्यांनी फक्त वाऱ्याचं माप घेतलं होतं! वाऱ्याला दोरी लावायला अंगणभर धावले होते. म्हणून तर ती झडप एक तर सताड उघडी, नाही तर धाडकन बंद.

या वेळी झडपेला होती एक पट्टी. पट्टीत पाडायच्या होत्या खाचा. जितक्या खाचा वर, तितकी झडप उघडी. मग वारा आला तरी ती पडायची नाही.

दादांनी पहिली खाच पाडली वाऱ्यासाठी. मग चुणीला दोरी लावली. तुऱ्यासकट, करवंदासकट. दुसरी खाच पाडली.

बोका पुढे आला. "माझंपण माप घ्या!"

चुणी दादांच्या कानात काहीतरी कुजबुजली. दादांच्या मिशा थरथरल्या. त्यांनी बोक्याला दोरी लावली. डोकं मापलं, मिशा मापल्या. पोटाला दोरी पुरेना! काकूंनी गुंड्याची सुतळी जोडली, तेव्हा कुठे पुरली.

झडप बसली. पट्टी अडकली दुसऱ्या खाचेत, खटक! चुणी आत गेली, भुर्र!

बोका धावला, शिडीवर चढला, झडपेत घुसला. घुसलं काय? नुसतं नाक! डोकं जाईना. पोटाचं तर नावच नको.

बोका ओरडला, "फसवलं! तू म्हणालीस, उघडी ठेवीन!"

"उघडीच आहे की!" आतून चुणी म्हणाली. "या ना बोकोबा, या!"

"मग माझं माप कशाला घेतलं?"

दादा म्हणाले, "खाच कुठं पाडायची नाही, ते कळायला!"

मामी हसल्या, काकू हसल्या. पिल्लांनी बोक्याच्या नाकावर मारली चोच. टोच! टोच! बोका पळाला, म्यांऽऽऽव!

चुणीनं केले करवंदाचे दोन भाग. एक याला, एक त्याला. पिल्लांची पोटं भरली, चोची झाल्या जांभळ्या. झडपेतून झुळूक आली, पिल्लं गाढ झोपली.

झडप राहिली अर्धी, गोष्ट झाली पुरी!