आधी दावं बघ

या, जवळ सरका. दह्याचं मडकं कुणी उपसलं ते मागनं बघू. मांजरानं म्हणता? बरं, मांजरानं. आधी गोष्ट ऐका.

एकदा काय झालं, डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं. तिथं ठकू नावाची गवळण राहायची. नवरा वारलेला. पाळण्यात तान्ही मंजी, गोठ्यात एक म्हैस आणि तिचं रेडकू. रोज सकाळी राजाच्या देवाला एक चरवी दूध ठकूच्या घरून जायचं. चुकलं तर पाठीवर चाबूक. राजा भारी तापट, बरं का.

एके दिवशी मंजी सारखी किरकिर करत होती. तिला थोपटता थोपटता ठकू रेडकाचं दावं बांधायला विसरली. रेडकू गेलं आईपाशी आणि लुचलुच करून सगळं दूध पिऊन बसलं. तेवढ्यात हवालदार दारात हजर. "दूध कुठाय गं?" ठकूची बोबडी वळली. समोर बांधावरून एक धामण निघाली होती, बिचारी आपली उंदराच्या मागावर. ठकूच्या तोंडून निघून गेलं, "धामण प्याली."

दोनच शब्द. पण ते खरे वाटले. धामण म्हशीच्या पायांना वेढा घालते नि आचळाला लागते, असं आज्यापणज्यापासून सगळे सांगत आलेले. पाहिलं होतं कुणी? कुणीसुद्धा नाही.

मग राजानं दवंडी पिटवली. जो धामण मारील त्याला राजाच्या डोक्यावर असतं तसं लाल पागोटं! मग काय विचारता. बांधावर, गंजीत, उकिरड्यात, दिसेल तिथं धामण ठेचली. नागाला मात्र हात लावायचा नाही, कारण तो देव. त्याला पंचमीला दूध-लाह्या आणि धामणीला काठी, असा तो न्याय. महिन्याभरात गावात जिकडं तिकडं लाल पागोटी. ठकू दाराआडून बघायची. रोज ठरवायची, उद्या खरं सांगीन. तो उद्या काही उजाडेना.

मग उंदीर आले. त्यांना खाणाऱ्या धामणीच राहिल्या नव्हत्या, नि एकट्या नागांना ते कुठं आवरणार! आधी शेतातली उभी कणसं खाल्ली. मग घराघरांतल्या धान्याच्या कणग्या फोडल्या, बियाणंसुद्धा सोडलं नाही. ती लाल पागोटीही कुरतडली मेल्यांनी. गावातली म्हातारी माणसं भुकेनं गेली. आणि मग उंदरांच्या मागोमाग नाग घरात शिरले. नाग तरी काय करील? पोट त्यालाही आहे. जिथं उंदीर, तिथं तो.

ठकू ओसरीवर नाचणी पाखडत होती, उंदरांच्या लेंड्या वेचत होती. मंजी रांगत रांगत कणगीमागं गेली. तिथून एकदाच रडली. ठकू धावली, तर नाग बिळात शिरत होता आणि मंजीच्या इवल्याशा हातावर दोन ठिपके. ऊन डोक्यावर यायच्या आत पोर गेली. वाईट वाटतं ना रे? वाटायलाच हवं.

मग तिसऱ्या दिवशी ठकू चुलीला गोवऱ्या काढायला गेली. ढिगात हात घातला, तर आत धामण. गावातली शेवटची, अंड्यांना वेढा घालून बसलेली. आणि काय नवल, धामण बोलायला लागली.

"मार मला. पण आधी माझं तोंड बघ." तिनं आ केला. "मला ओठ आहेत का गं बाई? ओठाविना आचळ चोखता येतं?"

ठकू म्हणाली, "मला ठाऊक होतं गं. त्याच दिवशी ठाऊक होतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

ठकू घरात गेली. तिनं दुधाची चरवी आणली. धामण आपणहून आत जाऊन बसली. ठकू तशीच राजाच्या दरबारात गेली, चरवी राजापुढं ठेवली.

"महाराज, दूध रेडकू प्यालं. मी खोटं बोलले. धामणी होत्या म्हणून आपल्या घरात दाणा होता."

राजानं चाबूक मागवला. ठकू म्हणाली, "मारा महाराज. पण पाळणा रिकामा झालाय माझा. याहून जास्त काय लागणार?"

राजानं चाबूक खाली टाकला. त्यानं डोक्यावरचं लाल पागोटं काढून ठेवलं. मग दुसरी दवंडी पिटवली, धामणीवर कुणी काठी उगारायची नाही. धामण आपल्या गोवऱ्यांत परतली, अंडी फुटली. पिलं बांधाबांधानं पांगली. एक साल गेलं, दोन गेली, तिसऱ्या साली कणग्या भरल्या. नाग आपले रानात परतले. गाव सुखानं नांदू लागलं.

ठकूही जगली, पुष्कळ वर्षं. सांजेला रेडकू बांधायची, पुन्हा जाऊन गाठ चाचपायची, पुन्हा एकदा जायची. तिच्या गावात अजून म्हणतात, आधी दावं बघ, मग धामणीचं नाव घे.

झालं. गोष्ट शिरली कणगीत, वर बसलं झाकण. पांघरूण ओढा आणि झोपा आता. आणि हे बघा, त्या मांजराला मघाशीच गोठ्यात हाकललंय, रात्रभर बाहेरच राहील गारठ्यात. दही कुणी खाल्लं, ते सकाळपर्यंत ज्याचं त्यानं येऊन सांगा.