अकरा कडुनिंबांची आळी

एका शहराच्या कडेला, जिथे पूर्वी डांबर संपून शेतं सुरू व्हायची, तिथे बैठ्या घरांची एक वसाहत होती. पन्नास-साठ वर्षांपूर्वी पहिले रहिवासी राहायला आले, तेव्हा तिथे नुसतं माळरान होतं. त्यांनी रस्त्याकडेला कडुनिंबाची रोपं लावली आणि आंघोळीचं पाणी बादल्यांनी वाहून ती जगवली. लावणारे बहुतेक आता हयात नव्हते. झाडं मात्र होती. अकरा थोराड कडुनिंब, एकेका माणसाच्या कवेत न मावणारे. भर उन्हाळ्यात एखादी रिक्षा वसाहतीत वळली, की सावलीत रिक्षावाला आपोआप वेग कमी करायचा.

या वसाहतीचे अध्यक्ष होते मोरेश्वरराव. सगळी नोकरी त्यांनी रस्त्यांच्या कामावर ओव्हरसियर म्हणून केलेली. वाकडी रेघ आणि उघडी माती, या दोन गोष्टी त्यांच्या डोळ्यांना खुपायच्या. माणूस सरळ होता, कामाला वाघ होता, पण आपलं चुकू शकतं हे त्यांच्या फारसं ध्यानात यायचं नाही.

झाडांखाली उघडी माती भरपूर होती. फाल्गुनात पानांचा खच पडायचा, पुढे लिंबोळ्यांचा चिकट सडा, आणि पावसाळ्यात चिखल. लोक तक्रार करायचे. मोरेश्वररावांनी एकदाचा विडा उचलला आणि घरांच्या कुंपणापासून रस्त्यापर्यंत सिमेंटचे ब्लॉक बसवून घेतले. काम करणाऱ्या मुकादमाने विचारलं, झाडाभोवती किती जागा सोडू? ते म्हणाले, "बोटभरही नको. जागा सोडली की तिथे गवत उगवतं."

मुकादमाने ब्लॉक थेट बुंध्याला नेऊन भिडवले आणि उरलेल्या फटी सिमेंटने लिंपून टाकल्या. वसाहत कशी लखलखीत दिसू लागली. सगळ्यांनी मोरेश्वररावांची पाठ थोपटली.

बोलली ती एकटी तान्हूबाई. तीस वर्षं ती या वसाहतीचे रस्ते झाडत होती. ब्लॉक बसवल्यावर तिचं काम निम्म्यावर आलं होतं. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी मोरेश्वरराव फिरायला निघाले, तेव्हा ती खराटा टेकवून उभी राहिली.

"साहेब, झाडायला लई सोपं झालं. पर ह्या झाडांनी पाणी कुठनं प्यायचं?"

मोरेश्वरराव हसले. एवढ्या मोठ्या झाडांची मुळं पार खोल गेलेली असतात, त्यांना आपल्या तांब्याभर पाण्याची गरज नसते, असं त्यांनी तिला समजावून सांगितलं. तान्हूबाई मान हलवून पुन्हा झाडायला लागली.

पहिलं वर्ष ठीक गेलं. दुसऱ्या वर्षी पालवी विरळ आली, पण तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. तिसऱ्या वर्षी फाल्गुनात पानं गळली, चैत्र उजाडला, आणि मोरेश्वररावांच्या दारातल्या झाडावर एकही कोंब दिसेना. बाकीच्या झाडांचेही शेंडे वाळले होते. पाडव्याला गुढीसाठी डहाळी हवी म्हणून लोक पलीकडच्या शाळेच्या आवारात जाऊन आले. वसाहतीत असं कधी झालं नव्हतं.

त्यानंतर आठवडाभरात साध्या वाऱ्याने एक वाळकी फांदी जोगळेकरांच्या स्कूटरवर कोसळली. जोगळेकर म्हणजे मोरेश्वररावांचे शेजारी आणि जुने मित्र. नुकतेच स्कूटर लावून ते घरात शिरले होते, म्हणून वाचले. लोक घाबरले. झाडं आता म्हातारी झाली, ती पडायच्या आत पाडायला हवीत, असं सगळ्यांचं मत पडलं. नगरपालिकेला द्यायचा अर्ज तयार झाला. अकरा झाडं तोडायची परवानगी मागायची होती, आणि खाली फक्त अध्यक्षांची सही बाकी होती.

मोरेश्वररावांनी अर्ज घरी आणला आणि टेबलावर ठेवला. सही करायला ते दोनदा बसले आणि दोनदा उठले. त्यांच्या पत्नी मालतीबाई हे पाहत होत्या. शेवटी त्या म्हणाल्या, "झाडांना काय झालंय, हे तुम्ही कुणाला विचारलंत का?"

"कुणाला विचारू?"

"जिनं तीन वर्षांपूर्वी आपणहून सांगितलं होतं, तिलाच विचारा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मोरेश्वरराव तान्हूबाईजवळ गेले. तिने काहीही ऐकवलं नाही. ती म्हणाली, एक ब्लॉक काढून बघूया. मोरेश्वररावांनी घरातून पहार आणली, बुंध्याजवळचं सिमेंट फोडलं आणि ब्लॉक उचकटून काढला.

खालची माती राखेसारखी पांढरी होती आणि दगडासारखी घट्ट. तिच्यावर, ब्लॉकच्या अगदी पोटाशी, बारीक मुळांचं जाळं पसरलं होतं. पाणी वरूनच येतं हे झाडाला माहीत होतं. म्हणून मुळं वर आली होती, आणि ब्लॉकला थडकून चपटी होऊन फटीफटीतून ओलावा शोधत फिरली होती. बरीचशी हात लावताच मोडली.

मोरेश्वरराव बराच वेळ उकिडवे बसून राहिले. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधल्या होत्या. ही चूक कुणाची, हे शोधायला त्यांना कुठे जावं लागणार नव्हतं.

त्याच दिवशी त्यांनी जोगळेकरांना सगळं सांगितलं. जोगळेकरांनी मित्राच्या मायेनेच सल्ला दिला. म्हणाले, "अहो, सही करून मोकळे व्हा. झाडं म्हातारी झाली होती, एवढंच लोकांना माहीत आहे. एकदा तोडली की कुणाला काय कळणार आहे?"

खरं होतं ते. कुणालाच कळलं नसतं. मोरेश्वररावांना रात्रभर तेच बोलणं आठवत राहिलं. आणि बोलण्याबरोबर ती चपटी झालेली मुळंही.

रविवारी सभा भरली. लोकांना वाटलं, अध्यक्ष सही केलेला अर्ज वाचून दाखवतील. मोरेश्वररावांनी घडी केलेला अर्ज खिशातून काढला आणि न उघडताच टेबलावर ठेवला.

"झाडं म्हातारी झालेली नाहीत," ते म्हणाले. "मी त्यांचं पाणी तोडलं. तान्हूबाईंनी मला त्याच वेळी सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. मला एक संधी द्या. पुढच्या चैत्रापर्यंत जे झाड फुटणार नाही, त्याच्या अर्जावर मी स्वतः सही करीन."

कुणी म्हणालं की चिखल पुन्हा होईल. कुणी फांद्यांची भीती बोलून दाखवली. पण स्वतःची चूक एवढ्या लोकांत उभं राहून कबूल करणाऱ्या माणसाला नाही म्हणणं सगळ्यांच्याच जिवावर आलं. सभेने एक वर्ष दिलं.

सोमवारपासून मोरेश्वरराव पहार घेऊन कामाला लागले. एका रोपवाटिकेतल्या जाणकार माळ्याने त्यांना नीट समजावलं होतं. मुळांना इजा होऊ नये म्हणून काम हातानेच करायचं. वाळलेल्या फांद्या तेवढ्या काढायच्या, हिरव्या फांदीला कुऱ्हाड लावायची नाही. प्रत्येक बुंध्याभोवती चार हात माती मोकळी करायची, तिच्यावर पालापाचोळा पसरायचा आणि पाणी अगदी हळूहळू मुरू द्यायचं.

पहिले दोन दिवस ते एकटेच होते. तिसऱ्या दिवशी जोगळेकर हातमोजे घालून आले आणि शेजारी बसून ब्लॉक उचकटू लागले. नंतर घराघरातून माणसं येत गेली. महिनाभरात अकरा झाडांभोवती अकरा आळी तयार झाली. तान्हूबाई झाडलेली पानं आता लांबच्या कचराकुंडीपर्यंत न्यायची नाही, त्या आळ्यांतच टाकायची. बायका भाज्या धुतलेलं पाणी तिथे आणून ओतू लागल्या. पावसाळ्यात रस्त्यावर चिखल म्हणावा तितका झाला नाही. आळ्यांनी सगळं पाणी पिऊन टाकलं.

वर्ष सरलं. फाल्गुनात पानं गळली, आणि सगळ्यांचे डोळे फांद्यांकडे लागून राहिले. चैत्राच्या तोंडावर एका झाडावर तांबूस कोंब दिसले, मग दुसऱ्यावर, मग रोज एकेकावर. दहा झाडं फुटली. मोरेश्वररावांच्या दारातलं झाड मात्र फुटलं नाही. चैत्र सरल्यावर शब्द दिल्याप्रमाणे त्यांनी त्याच्या अर्जावर सही केली, आणि ते उतरवलं जात असताना पूर्ण वेळ उन्हात उभे राहिले. त्याच जागी त्यांनी एक नवं रोप लावलं.

त्याआधी, पाडव्याच्या सकाळी, जोगळेकरांनी आपल्या दारातल्या झाडाची कोवळी डहाळी मालतीबाईंच्या हाती आणून दिली. गुढी उभारून झाल्यावर मोरेश्वरराव एका ताटात पुरणपोळी घेऊन तान्हूबाईला शोधत निघाले. ती कोपऱ्यावरच्या झाडाखाली विसावली होती.

ताट तिच्यापुढे ठेवून ते म्हणाले, "तान्हूबाई, तुमचे उपकार झाले. पण एक विचारायचं होतं. ब्लॉकमुळे तुमचे कष्ट कमी झाले होते, तरी तुम्ही का बोललात?"

तान्हूबाईला प्रश्नाचंच नवल वाटलं. "साहेब, तीस वर्सं मी हितंच बसून भाकर खाल्ली. ऊन लागू दिलं न्हाई ह्यांनी कधी. ह्यांच्यासाठी एवढं बी बोलू नको व्हय?"

वीस वर्षं मोरेश्वररावही याच झाडांखालून रोज जात-येत होते, आणि आपण यांचं काही देणं लागतो हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. त्यांनी पायातल्या चपला काढल्या, आळ्याच्या कडेला मांडी घातली आणि वर पाहिलं. कोवळ्या पानांतून ऊन गाळून येत होतं. त्यांनी हात जोडले. तान्हूबाईने पुरणपोळीचा अर्धा तुकडा मोडून त्यांच्यापुढे धरला, आणि दोघं तिथेच बसून जेवली.

तात्पर्य इतकंच: जो आपल्याला सावली देतो, त्याच्या मुळांना मोकळी जागा द्यावी, आणि जागा आपणच अडवली असेल, तर ती आपल्याच हातांनी मोकळी करावी.