शेळीचं उत्तर

जनावरं आपसांत बोलत, त्या काळी शर्यतीच्या मैदानाच्या कुंपणापाशी शेळी, कावळा आणि खार जमत. तिघांचाही सारजा घोडीवर भारी जीव. शर्यतीच्या दिवशी वावगा शब्द काढायचा नाही, असा त्यांचा नेम होता.

एकदा शर्यतीआधी सारजा पुढचा पाय जपून टाकतेय, हे शेळीला दिसलं. तेवढ्यात सारजाच कुंपणाशी आली. "शेळीताई, चाल बरी आहे ना माझी?"

"बरी? आज वाराही मागे पडेल!" कावळा ओरडला. खार नाचू लागली. त्यांचा आनंद शेळीला मोडवेना. "झकास आहे," ती म्हणाली.

सारजा पहिली आली आणि कोसळली. पुन्हा धावली नाही.

शेळी भेटायला गेली, तेव्हा सारजा एवढंच म्हणाली, "कौतुकाला ती दोघं होतीच गं. तुला खुरांतलं कळतं, म्हणून तुला विचारलं होतं."