शिवेच्या दगडावरचा प्रश्न

फार फार जुनी गोष्ट. नदीकाठी एक लोहारांचं गाव होतं. तिथल्या भाल्याच्या पात्यावर पिंपळपानाची खूण असायची, आणि ते पातं दगडावर आपटलं तर दगड फुटे.

गावचा एक कायदा होता. भाला शिवेपार जाण्याआधी पाच पंचांनी शिवेच्या दगडावर बसायचं आणि घेणाऱ्याला विचारायचं, "कुणावर उगारणार?" उत्तर पटलं नाही, तर भाला गावातच राहायचा.

नदीपल्याड एक राजा होता. दुष्काळात त्यानं गावाला धान्याच्या नावा धाडल्या होत्या. त्याचा कारभारी आला नि म्हणाला, "लांडगे माजलेत." पंचांनी वीस भाले दिले. पुढच्या साली त्यानं दोनशे मागितले.

पंचांतली आत्याबाई म्हणाली, "लांडगे व्याले तरी किती रे, बाबा?"

पंचांत गावचा पाटीलही होता. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाहुण्यासमोर असं बोलायचं? तो घाईनं म्हणाला, "आत्याबाई, ज्याचं अन्न खाल्लं त्याची झडती घेतात का? मित्राला प्रश्न नको. करा हात वर!"

चार हात वर झाले. आत्याबाईचे मांडीवरच राहिले.

भाले गेले. पण त्या हिवाळ्यात कोळसा आला नाही. पल्याडच्या डोंगरावरची माणसं लाकूड जाळून कोळसा करत, त्यावरच गावच्या भट्ट्या पेटत. काय झालं ते बघायला पाटील स्वतः डोंगर चढला.

वर झोपड्यांची राख होती. राखेत एक म्हातारा बसला होता. पाटलाला ओळखून त्यानं आधी पाण्याचा तांब्या पुढं केला. मग फडक्यातून एक पातं काढलं.

"राजाला आमचं रान हवं होतं. हे माझ्या लेकाच्या छातीतून काढलं. पिंपळपान तुमचंच ना, पाटील? आमच्याच कोळशावर तापलं असेल."

पाटलानं तांब्या न पिताच खाली ठेवला नि ते पातं मागून घेतलं.

गावात येऊन त्यानं ते पातं आत्याबाईपुढं ठेवलं. "बोल आत्याबाई, शिव्या दे."

"मी काय बोलू? बोलायचं तेव्हा बोलले. तेव्हा तुला माझी लाज वाटली."

काही दिवसांनी कारभारी पुन्हा आला. पाटील दगडावर बसला, पातं मांडीवर ठेवून. मान वर न करता त्यानं विचारलं, "कुणावर उगारणार?"

"मित्राला विचारता?"

"मित्र आहात म्हणून तर विचारायचं राहिलं, नि डोंगर जळला. आता एकही भाला मिळायचा नाही."

कारभारी तणतणत गेला. धान्याच्या नावा बंद झाल्या. पाटील पुढं पुष्कळ जगला. पण कुणी पाण्याचा तांब्या पुढं केला, की त्याची नजर जमिनीला खिळायची.

म्हणून सांगते लेकरांनो, मित्राच्या हाती शस्त्र देताना विचारायला जो लाजतो, त्याला मग जन्मभर लाजावं लागतं.