कासवआजी आणि वानराची दुर्बीण

प्राणी बोलत असत त्या काळातली गोष्ट. त्या रात्री उल्कांचा वर्षाव होणार होता. कासवआजीने जन्मात तुटता तारा पाहिला नव्हता, कारण कवचामुळे तिची मान वर वळतच नसे. म्हणून वानराने मुद्दाम तिच्यासाठी, खाली बघूनही आकाश दिसेल अशी आरशाची दुर्बीण बनवली.

पण आरशावर दव साचलं. ते पुसताना तिपाईचा पाय निसटला. वानर तो ठोकायला गेला, तर अख्खी दुर्बीण आजीवर कोसळली. आजी उलटी झाली, चारी पाय हवेत!

"आजी, थांब, उचलतो तुला!" वानर रडवेला झाला.

"हात लावू नकोस!" आजी ओरडली. "तो बघ, एक पडला! तो दुसरा!"

"कुठे, कुठे?" म्हणत वानर तिच्याशेजारी उताणा पडला. उजाडेपर्यंत दोघांपैकी कुणीही सरळ व्हायला तयार नव्हतं.