एकाच खुंटाला दोन दोर

“म्हणजे नाही, असेच मी समजायचे ना?”

तांडेलबाबांनी काठी दगडी फरशीवर टेकली आणि ते पुढे चालू लागले.

“बाबा, मी काही विचारले.”

“ऐकले, गो. बंदर तर बघू दे.”

डॉक्टर वैजयंती सामंतांनी प्रश्न तेवढ्यावर सोडला. पण त्यांची तीन बोटे बाबांच्या मनगटावरून हलली नाहीत. दहा वर्षे ती तिथेच होती. बाबा चालत असोत, जेवत असोत, कुणाशी बोलत असोत, वैजयंतीबाईंची बोटे वरून त्यांच्या नाडीवर टेकलेली असत. मठात येणारी माणसे गमतीने म्हणत, बाबांच्या एका हातात काठी आणि दुसऱ्यात डॉक्टरीण.

बाबा तरुणपणी मालवाहू गलबतावर तांडेल होते. पुढे दर्या सुटला, डोंगरावरची मठी मिळाली, नाव मात्र तेच राहिले. आता वय सत्त्याऐंशी. हृदयाची एक झडप आकसत चालली होती.

शस्त्रक्रिया सोमवारी, मुंबईत. वैजयंतीबाईंनी सर्व ठरवून ठेवले होते; बाबांचा होकार तेवढा यायचा होता. एका जुन्या सहकाऱ्याने फोनवर म्हटले होते, “वैजयंती, या वयात हात लावू नये. दुसऱ्या कुणा रुग्णाबद्दल मी हे सांगितले असते, तर तूच मला दुजोरा दिला असतास.” त्या दिवसापासून त्यांनी त्या सहकाऱ्याशी बोलणे सोडले.

प्रवासापूर्वी चार दिवस मोकळी हवा मिळावी, म्हणून त्यांनी बाबांना हरणवेळला आणले होते. हरणवेळ आता पूर्वीचे राहिले नव्हते. किनाऱ्यावर पांढरीशुभ्र हॉटेले उभी होती, सिनेमातल्या माणसांची लग्ने इथे लागत, आणि खाडीत श्रीमंतांच्या यॉट अशा डौलाने उभ्या असत, की जणू समुद्र त्यांच्यासाठीच भरून ठेवला आहे. त्यांतले सर्वांत उत्तम हॉटेल वैजयंतीबाईंनी निवडले. तिथल्या गादीवर बाबांना झोप लागली नाही. ते खाली गालिच्यावर झोपले.

सकाळी त्यांनी एकच मागणे मागितले होते. जुने बंदर पाहायचे.

तेच ते आता पाहत होते.

“हा धक्का तीनशे वर्षांपूर्वीचा आहे,” वैजयंतीबाई फलक वाचून सांगू लागल्या. “इथून मिरी आणि वेलची अरबस्तानात जाई. ती समोरची कमान म्हणजे जकातीचे नाके.”

कमानीखाली आता उपाहारगृह होते. काचेची झुंबरे, पांढरे मेजपोश. धक्क्याच्या कडेने जहाजे बांधण्याचे दगडी खुंट ओळीने उभे होते. त्यांच्यावर उपाहारगृहवाल्यांनी मखमली गाद्या घालून बसायची आसने केली होती. एका आसनावर एक नवविवाहित जोडपे छायाचित्र काढून घेत होते.

“मी इथे मंगळुरी कौले घेऊन आलो होतो,” बाबा म्हणाले.

“केव्हा?”

“मिशी नव्हती तेव्हा.”

ते एका खुंटापाशी वाकले. त्याच्या अंगावर दोरांनी पाडलेल्या खाचा होत्या, बोट मावेल एवढ्या खोल. बाबांनी एका खाचेत अंगठा फिरवला.

“बाबा, वाकू नका.”

बाबा उठले. काठी उचलून त्यांनी समुद्राकडे रोखली. दूर पाण्यावर एक काळसर रेघ होती.

“शेवरे बेट,” ते म्हणाले. “तिथला दवाखाना बांधून झाला?”

वैजयंतीबाईंची नजर पुन्हा फलकाकडे वळली. “झाला.”

“कुलूप?”

“आहे.”

“तू कधी जाणार?”

हा प्रश्नही जुना होता. बेटावरची माणसे दरवर्षी मठात येत, नारळ ठेवीत, आणि डॉक्टरीणबाईंना केव्हा धाडता म्हणून विचारीत. बाबा प्रत्येक वेळी वैजयंतीबाईंकडे पाहत. त्या प्रत्येक वेळी ‘पुढच्या वर्षी’ म्हणत.

“तुम्ही आहात तोवर मी कुठेही जाणार नाही.”

“आणि मला जायचे झाले तर?”

“मी आहे तोवर तुम्हांला जाऊ देणार नाही.”

हे सांगताना वैजयंतीबाईंचा आवाज चढला. त्यात अभिमान होता, आणि तो त्यांनी लपवला नाही. दुसऱ्या कोणत्या शिष्याने गुरूला असा शब्द दिला असता?

बाबांनी दोन्ही वाक्ये जणू तोंडात घोळवून पाहिली.

“बरे बांधलेस,” ते म्हणाले.

...

धक्क्याच्या टोकाला आरडाओरडा चालला होता.

तिथे एकच खुंट गादीवाचून उरला होता. त्याला दोन नावा बांधलेल्या. एक कोळ्याची होडी, रंग उडालेली. दुसरी मोठी पांढरी यॉट. होडीवाला खाली पायऱ्यांवर उभा होता आणि गणवेशातला रखवालदार वर.

“काय झाले?” वैजयंतीबाईंनी विचारले.

होडीवाल्याने वर पाहिले आणि त्याचा चेहरा उजळला. तो शेवरे बेटावरचा पेद्रू होता. मठात नारळ घेऊन येणाऱ्यांत तो दरवर्षी असे.

“डाक्टरीणबाय, तुमीच बघा. मी पहाटे इलंय, माझो दोर आधी घातलंय. मगे ह्यांची राणी इली, तिचो दोर माझ्या दोराच्या वर. आता वर ती बसली हा, म्हणान मी खाली अडाकलंय.”

खुंटावर पेद्रूच्या निळ्या दोराचा फास तळाशी होता. त्याच्यावर यॉटच्या जाड पांढऱ्या दोराचा फास आवळून बसला होता. वरचा निघाल्यावाचून खालचा निघणार नव्हता.

“मग तो वरचा काढा.”

“हात लावलंय तर पोलिसांका बोलावतले, असा ह्यो सांगता.”

“साहेब आत जेवतायत, मॅडम,” रखवालदार म्हणाला. “त्यांना उठवायचे नाही असा हुकूम आहे.”

“आणि सुकती लागली काय माझी होडी चिखलात बसतली,” पेद्रू म्हणाला. “राणीचा जेवण होयसर गरिबान उपाशी ऱ्हवायचा.”

वैजयंतीबाईंनी चष्मा सावरला. त्यांच्या त्या नजरेपुढे मोठमोठ्या इस्पितळांतले अधिकारी उठून उभे राहत.

“तुमच्या साहेबांना सांगा, डॉक्टर सामंतांनी दोर काढला. जबाबदारी माझी.”

रखवालदाराने एकदा झुंबरांकडे पाहिले, एकदा त्यांच्याकडे, आणि तो दोन पावले मागे सरला.

पेद्रू वर आला. त्याने पांढरा दोर दोन्ही हातांनी ओढला, तशी ती थोरली नाव निमूटपणे जवळ सरकली. दोर सैल पडला. वैजयंतीबाईंनी पदर खोचला, बाबांचे मनगट सोडले आणि पेद्रूच्या मागे दोर धरला.

“पेद्रू, तू होडीवर जा,” बाबा म्हणाले. “ती धरते.”

“एकटी?” वैजयंतीबाईंनी विचारले.

पण पेद्रू पायऱ्या उतरून गेलाही होता.

बाबांनी काठी खुंटाला टेकवून ठेवली. मग वाकून, सावकाश, त्यांनी पांढऱ्या दोराचा फास वर काढला. नाव मागे ओढू लागली. वैजयंतीबाईंनी टाचा फरशीत रोवल्या.

“आता निळा काढा, बाबा. होडी निघू दे, मग हा परत घाला.”

“आणि उद्या पुन्हा कुणी खाली अडकले तर? तेव्हाही तू इथे येऊन धरणार?”

“बाबा, माझे हात...”

बाबांना घाई नव्हती. त्यांनी निळा फास खुंटावर होता तसाच ठेवला. पांढरा फास हाती घेतला, तो निळ्या फासाच्या खालून आत घातला, निळ्याच्या मधून वर ओढून घेतला आणि मग खुंटावर चढवला. वेणी घालताना बाईचे हात जसे न पाहता चालतात, तसे त्यांचे हात चालले.

“सोड.”

“सोडला तर नाव जाईल.”

“सोड, गो.”

वैजयंतीबाईंच्या तळव्यांची आग होत होती; तरीही बोटे उघडेनात. यॉटच्या बाजूवर सोनेरी अक्षरांत तिचे नाव लिहिले होते. ते नाव हळूहळू दूर जात आहे, असे त्यांना वाटले.

“सोडतेस ना...”

त्यांनी सोडला.

दोर सर्रकन ताणला गेला. खुंटावर पांढरा फास आवळला आणि नाव जागच्या जागी थांबली. उपाहारगृहात कुणी मानही वर केली नाही.

मग बाबांनी निळ्या फासाला हात घातला. वैजयंतीबाईंना वाटले, आता तो निघणार नाही. त्याच्यातून तर दुसरा ओवलेला आहे. पण बाबांनी तो सहज उचलला, देवापुढचे निर्माल्य उचलावे तसा. निळा फास पांढऱ्यावरून अलगद सरकला, मोकळा झाला, आणि बाबांनी तो खाली होडीत टाकला. पांढरा दोर जिथे होता तिथेच राहिला.

“आणि पांढऱ्याला आधी जायचे असते तर?” वैजयंतीबाईंनी विचारले. प्रश्न त्यांच्या तोंडून आपसूक निघून गेला होता.

“तोही असाच सुटला असता.”

“मग वर कोण आणि खाली कोण?”

“खुंट एकच आहे,” बाबा म्हणाले आणि त्यांनी काठी उचलली.

पेद्रूने यंत्र सुरू केले. होडी धक्क्यापासून सुटली, तेव्हा त्याने हात वर केला.

“बाय, बेटार कधी येतास?”

“पुढच्या वर्षी,” वैजयंतीबाई सवयीने म्हणाल्या.

पेद्रू हसला. “पुढला वर्स दरवर्साक पुढेच आसता.”

होडी कमानीच्या सावलीतून उन्हात गेली. यॉटच्या कुशीजवळून जाताना ती जरा डुलली, मग सरळ झाली आणि त्या काळसर रेघेच्या रोखाने लहान लहान होत गेली.

दोघे धक्क्याच्या कडेला उभे राहिले. ओहोटी लागली होती. धक्क्याच्या भिंतीवर पाण्याची ओली रेघ वर राहिली होती आणि पाणी तिच्याखाली उतरत होते.

वैजयंतीबाईंना सोमवारची शस्त्रक्रिया पक्की करायला मुंबईला फोन करायचा होता. त्यांनी शब्दही जुळवले होते. ते ओठांवर आले, पण पुढे सरकेनात. तो जुना सहकारी फोनवर काय म्हणाला होता, ते त्यांना त्याच्याच आवाजात ऐकू आले. या खेपेस त्यांनी ते पुरते ऐकले.

“बाबा,” त्या म्हणाल्या, “मी तुम्हांला... मी तुम्हांला धरून ठेवले का?”

बाबा उतरणारे पाणी बघत राहिले.

“की तुम्ही मला?”

बाबांनी वळून त्यांच्याकडे पाहिले. त्यांच्या डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या पडल्या. ते हसत होते की ऊन लागत होते, ते समजेना.

धक्क्याचे दगड ओले होते. परतीच्या वाटेवर बाबांचा पाय किंचित घसरला, आणि वैजयंतीबाईंची तीन बोटे दहा वर्षांच्या सवयीने पुन्हा वरून त्यांच्या मनगटावर येऊन बसली.

बाबा थांबले.

त्यांनी काठी काखेत धरली. मोकळ्या हाताने ती बोटे एकेक करून उचलली. वैजयंतीबाईंचा लालबुंद झालेला तळवा उताणा केला, तो आपल्या हाताच्या खाली आणला आणि त्यावर आपला हात टेकला.

तळव्याला नाडी लागत नव्हती. फक्त एका म्हाताऱ्या हाताचे वजन होते, फार थोडे.

“आता,” तांडेलबाबा म्हणाले, “ज्याला आधी निघायचे असेल, त्याने निघावे.”